भाडेकरारातल्या कोऱ्या जागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे आणि जून हे पुण्यात घर बदलायचे महिने. कॉलेजचे प्रवेश, हिंजवडी-खराडीतल्या नव्या नेमणुका, शाळा सुरू व्हायच्या आत बिऱ्हाड हलवण्याची घाई, सगळे एकदमच येते. भाड्याने जाणारी बरीचशी घरे कुणा बड्या गुंतवणूकदाराची नसतात. निवृत्तीच्या पैशातून धायरीत घेतलेला वन बीएचके किंवा मुले परदेशी गेल्याने रिकामा पडलेला कोथरूडचा जुना फ्लॅट, असे एखाददुसरे घर असते आणि त्याच्या भाड्यावर महिन्याचा खर्च चालतो. अशा घरमालकांचे नुकसान होते ते भाडेकरू वाईट निघाला म्हणून क्वचितच. करार घाईत होतो, त्यातल्या मोक्याच्या जागा कोऱ्या राहतात आणि ताबा देताना घराच्या अवस्थेची नोंद होत नाही, हे खरे कारण. भाडेकरूचे डिपॉझिटही नेमके यातच अडकते. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

सगळ्यात पक्का रुजलेला गैरसमज ११ महिन्यांचा आहे. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, नोटरी पुरते, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठराविक मुदतीसाठी फक्त वापराची परवानगी देणारा) करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती न पाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण दंडापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू जे सांगेल ते आधी धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. नोटरीच्या शिक्क्याने यात काडीचाही फरक पडत नाही.

११ महिन्यांचाच करार करावा असे बंधनही नाही. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकाच दराने लागते: संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न करायची रक्कम असल्यास ती, आणि परतीच्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. भाडे २०,०००, डिपॉझिट ६०,००० आणि मुदत ११ महिने असेल तर भाडे २,२०,००० आणि व्याज ५,५००, म्हणजे २,२५,५०० वर साधारण ५६४ रुपये. तोच करार २४ महिन्यांचा केला तर १,२३० रुपये. महापालिका हद्दीतली नोंदणी फी १,००० रुपये दोन्ही वेळेला सारखीच. दरवर्षी एजंटाची फी, अंगठ्यांची धावपळ आणि मधले रिकामे दिवस धरले, तर चांगल्या भाडेकरूबरोबर २४ महिन्यांचा करार केव्हाही परवडतो. दुसऱ्या वर्षीची वाढ टक्क्यांत न लिहिता रुपयांत लिहावी: पहिले १२ महिने २०,०००, पुढचे १२ महिने २१,०००. ऑनलाइन अर्जात वेगवेगळ्या महिन्यांचे वेगळे भाडे भरता येते.

अंगठे झाले म्हणजे नोंदणी झाली, असे समजू नये. एजंट घरी येतो, दोन्ही पक्षांचे आणि साक्षीदारांचे ठसे आणि फोटो घेतो आणि जातो. त्यानंतर दुय्यम निबंधक कार्यालयात तपासणी होते आणि त्रुटी निघाली तर दस्त तिथेच थांबतो. दस्त क्रमांक पडलेली अंतिम प्रत आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा) हातात आल्याशिवाय काम पुरे झाले असे धरू नये. त्रुटी बहुधा तीनच प्रकारच्या असतात: आधार आणि पॅनवरच्या नावात फरक, मिळकतीचा सर्व्हे किंवा हिस्सा नंबर चुकलेला, आणि ज्येष्ठांच्या बोटांचे ठसे न जुळणे. तिसऱ्यावर उपाय म्हणजे महिनाभर आधी आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने देणे. मिळकतीचा तपशील मात्र खरेदीखताच्या सूची क्रमांक दोनवरून जसाच्या तसा उतरवावा. वीजबिलावरचा पत्ता या कामाला उपयोगी नाही.

नोंदणीचा खरा फायदा मुदत संपल्यावर दिसतो. राहण्यासाठी दिलेली जागा मुदतीनंतर सोडली नाही, तर याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. तिथे लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन परवानगी घेतल्याखेरीज समोरच्याला बाजू लढवता येत नाही. मुदतीनंतरच्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते. दुकान किंवा ऑफिससाठी दिलेल्या जागेला ही वाट नाही, हे गाळे घेणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावे. आणि वाद कितीही चिघळला तरी पाणी-वीज तोडणे, परस्पर कुलूप बदलणे असले काही करू नये. अत्यावश्यक सेवा तोडल्याबद्दल याच कायद्यात शिक्षा आहे आणि त्या एका कृतीने मालकाची भक्कम बाजू लंगडी पडते.

या सगळ्याला सुरुंग लागतो तो करार संपल्यानंतरच्या महिन्यांत. ३१ मेला मुदत संपते, माणूस चांगला असतो, 'करू पुढच्या महिन्यात' म्हणत भाडे खात्यावर जमा होत राहते. दिवाळीत काही बिनसले की कळते, हातातला कागद पाच महिन्यांपूर्वीच संपलेला आहे. मुदत संपायच्या ४५ दिवस आधी भाडेकरूला लेखी विचारावे: राहणार की सोडणार? राहणार असेल तर नवा करार जुना संपायच्या आत नोंदवावा. नवा करार झाल्याशिवाय पुढच्या महिन्याचे भाडे घेऊच नये. नाते कितीही चांगले असले तरी.

आता कोऱ्या जागांबद्दल. ऑनलाइन मसुद्यातली ठराविक कलमे सगळ्यांना सारखी असतात. शेवटी 'इतर अटी' लिहायला जागा असते. ती बहुतेक करारांत रिकामी दिसते, किंवा एजंटाकडचा जुनाच मजकूर तिथे चिकटवलेला असतो. वाद मात्र तिथेच लिहायच्या गोष्टींवरून होतात. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हा पहिला. 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी' एवढ्याने भागत नाही, कारण गीझरची कॉइल एकाला किरकोळ वाटते आणि दुसऱ्याला मोठी. रकमेची रेघ ओढावी. एका वेळचा ५०० रुपयांपर्यंतचा खर्च भाडेकरूचा, त्यावरचा मालकाचा. तुंबलेले सिंक, नळाचा वॉशर, दिवे भाडेकरूकडे. भिंतीतले पाइप, वायरिंग, गीझरचे भाग, वरून येणारी गळती मालकाकडे. मालकाने कळवल्यापासून ४८ तासांत माणूस पाठवला नाही, तर भाडेकरूने काम करून घ्यावे आणि बिल दाखवून भाड्यातून वळते करावे, हेही लिहावे. या अटीला बिचकण्याचे कारण नाही. गळती वेळेवर थांबली तर वाचते ती मालकाचीच भिंत.

नोटीस किती दिवसांची आणि ती व्हॉट्सॲपवर दिली तरी चालेल का, हेही लिहून ठेवावे. लॉक-इन (करार मोडता येणार नाही असा सुरुवातीचा काळ) ठेवायचा असेल तर तो दोघांना बांधील असावा. भाडेकरूने सहा महिने सोडायचे नाही, पण मालक हवे तेव्हा उठवू शकतो, असली एकतर्फी कलमे वाचून चांगली माणसे परत जातात. देखभाल खर्च भाड्यात धरला आहे की वेगळा, टँकरचा जादा हिस्सा आला तर कोणाचा, हे बावधन, उंड्री, वाघोलीसारख्या टँकरवर चालणाऱ्या भागांत आधीच ठरवावे. उन्हाळ्यात तो आकडा लहान नसतो. राहणाऱ्यांची संख्या आणि नावे, पोटभाड्याला मनाई, घराचा पीजी किंवा दिवसावर भाड्याने देण्यासाठी वापर न करणे, हेही लेखी हवे. वापर व्यावसायिक ठरला तर विजेचा दर आणि मिळकत कर दोन्ही बदलू शकतात आणि नोटीस मालकाच्या नावाने निघते.

तीन-चार विद्यार्थी किंवा नोकरदार मुले एकत्र राहणार असतील, तर प्रत्येकाचे नाव करारात घ्यावे आणि जबाबदारी 'एकत्रितपणे व स्वतंत्रपणे' अशी लिहावी. नाही तर चौघांतला एक सोडून गेला की उरलेले तिघे आपापला हिस्सा पुढे करतात आणि चौथा हिस्सा हवेत राहतो. मधेच नवा मुलगा येतो तेव्हा तो कुठल्याच कागदावर नसतो. अशा वेळी करार रद्द करून नव्याने करण्याचा खर्च, शुल्क आणि फी मिळून, दीड-दोन हजारांच्या आसपास येतो. तो सोडणाऱ्याने द्यायचा, हे आधीच ठरवून घ्यावे. बॅचलर म्हणून सरसकट नकार देण्याचा अधिकार आदर्श उपविधींनी (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीने) सोसायटीला दिलेला नाही. गोंगाट, पार्किंग, कचरा यांचे नियम सगळ्या सभासदांना आणि भाडेकरूंना सारखेच लावावेत, एवढे पुरते.

ताबा देतानाचा अर्धा तास मात्र घाई न करता घालवावा. यादी करताना 'पंखे ३, गीझर १' एवढे लिहून उपयोग नाही. चालू करून पाहावे आणि अवस्था लिहावी. मेन बोर्डावरच्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे (करंट गळताच वीज तोडणाऱ्या खटक्याचे) टेस्ट बटण दाबावे. खटका पडला नाही तर तो बदलल्याशिवाय घर देऊ नये, कारण गीझरचा शॉक लागण्यापासून वाचवणारी ती मुख्य वस्तू आहे. दोन किलोवॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर ओढतो, त्यामुळे तो १६ अँपिअरच्या सॉकेटवरच हवा. सॉकेटभोवती पिवळट-काळा डाग असेल तर आतली जोडणी सैल होऊन तापते आहे असे समजावे. बोअर किंवा टँकरचे जड पाणी असलेल्या भागांत गीझरच्या कॉइलवर पांढरा थर साचतो, पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढते आणि शेवटी कॉइल जळते. वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करणे आणि टाकीला गंजण्यापासून वाचवणारा पण झिजलेला अ‍ॅनोड रॉड बदलणे नवीन गीझरपेक्षा खूप स्वस्त पडते. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून त्याचे तोंड बुच मारून बंद केलेले आढळते. ते धोक्याचे आहे, ताबडतोब काढावे.

दुसरी दुर्लक्षित वस्तू म्हणजे बेसिन आणि फ्लशखालचा दीड फुटी कनेक्शन पाइप. वरून स्टीलची जाळी चकचकीत दिसते, पण आतली रबरी नळी कडक होऊन चिरते किंवा टोकाचा नट तडकतो. असा पाइप घर बंद असताना, म्हणजे हमखास दिवाळी किंवा मेच्या सुट्टीत फुटला, की खालच्या मजल्याचे छत, फर्निचर आणि शेजाऱ्याशी असलेले संबंध सगळेच भिजते. शंभर-दोनशे रुपयांचा हा पाइप दर तीन वर्षांनी बदलावा. डक्टमधला मुख्य कॉक कुठे आहे ते भाडेकरूला दाखवावे आणि गावाला जाताना तो बंद करायला सांगावे. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीचा, जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतचा फोटो काढून ठेवावा. तिथे पोपडे सुटायला लागले की नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा किंवा फरशीचे ग्राउट गेले आहे. त्यावर रंग मारणे म्हणजे पैसे पाण्यात. आधी ट्रॅप बंद करून २४ तास पाणी साठवून पाहावे, गळती शोधावी आणि भिंत वाळल्यावरच पुट्टी करावी. गच्चीतून आलेली गळती ही सोसायटीची जबाबदारी, आपल्या संडास-बाथरूममधली आपली, अशी विभागणी उपविधींत आहे.

याच वेळी वीज मीटरचा आकडा, पाइप गॅसच्या मीटरचा आकडा आणि किल्ल्यांची संख्या टिपून घ्यावी. दारापासून सुरुवात करून सलग एक व्हिडिओ काढावा आणि तो तिथेच दोघांच्या व्हॉट्सॲपवर पाठवून 'मिळाला, मान्य' असे उत्तर घ्यावे. महावितरणच्या खात्याला आपलाच मोबाइल जोडलेला असावा, म्हणजे थकबाकीचा संदेश मीटर काढायला माणूस येण्याआधी कळतो. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: महावितरणकडची सुरक्षा ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट धरली जाते. आधी १,२०० चे बिल येत होते आणि भाडेकरूने एसी लावल्यावर सरासरी ३,२०० वर गेली, तर ठेव २,४०० वरून ६,४०० होते आणि ४,००० रुपयांची जादा मागणी येते. ही रक्कम मालकाच्या खात्यावरच राहते, म्हणून ती मालकाने भरणेच न्याय्य. भाडेकरूच्या माथी मारू नये.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरावी आणि पोच जपून ठेवावी. वाकड, हिंजवडी, चिंचवडकडची घरे २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात. तिथली माहिती पुणे पोलिसांकडे भरून चालत नाही. भाडेकरू परदेशी असेल तर त्याची माहिती २४ तासांत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे. भाडेकरू ठेवायला गृहनिर्माण सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी सूचना आणि कराराची प्रत द्यावी लागते. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, हे १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ठरलेले आहे. महिन्याच्या बिलात सेवा शुल्क २,००० असेल तर जास्तीत जास्त २००. काही सोसायट्या अजूनही भाडेकरू ठेवणाऱ्यांकडून दुप्पट मेंटेनन्स घेतात. तो आदेश जोडून लेखी पत्र द्यावे. पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालची 'अपार्टमेंट' आहेत. तिथे घोषणापत्राबरोबरचे उपविधी लागू होतात, ते आधी वाचावेत.

करांचे थोडक्यात. पुणे महापालिकेची मिळकत करातली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यांसाठी आहे. घर भाड्याने देऊन ती घेत राहिल्यास फरकाची मागणी निघू शकते, तेव्हा भाडे ठरवतानाच पूर्ण कर धरावा. थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती चढते. प्राप्तिकरात भाड्यातून आधी प्रत्यक्ष भरलेला मिळकत कर आणि मग उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. त्यासाठी दुरुस्तीची बिले लागत नाहीत. नव्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजामुळे झालेला तोटा पगारातून वजा होत नाही. कर्ज काढून दुसरे घर घेणाऱ्यांच्या हिशेबात हे बहुधा राहून जाते.

तो हिशेब घर घेण्याआधी कागदावर मांडावाच. ६० लाखांचा फ्लॅट धरा. ७ टक्के मुद्रांक शुल्क ४.२ लाख, नोंदणी ३०,०००, म्हणजे पडला साडेचौसष्ट लाखांना. भाडे २०,०००, पण वर्षात एक महिना रिकामा धरून हाती २.२ लाख. त्यातून देखभाल ३०,०००, मिळकत कर १२,०००, दलाली आणि करार १२,०००, रंग-दुरुस्तीसाठी बाजूला १५,००० गेले तर उरले १,५१,०००. हा परतावा २.३ टक्के. ४८ लाखांचे कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता ४१,६०० च्या वर. भाड्यातून त्याचा अर्धाही निघत नाही. किंमत वाढेल या आशेवर घ्यायचे असेल तर तसे समजून घ्यावे. 'भाड्यात हप्ता फिटेल' असे सांगणाऱ्याला हे आकडे भरून दाखवायला लावावेत. भोगवटा प्रमाणपत्र, महापालिकेचे पाणी येते का, गेल्या उन्हाळ्यातला टँकरचा खर्च, हे तीन कागद न पाहता टोकन देऊ नये.

ऑनलाइन जाहिरात टाकली की लष्करात किंवा निमलष्करी दलात असल्याचे सांगून घर न पाहताच ॲडव्हान्स पाठवतो म्हणणारे फोन येतात. ते क्यूआर कोड पाठवून स्कॅन करायला आणि पिन टाकायला सांगतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फोन तिथेच ठेवावा.

शेवटी डिपॉझिट. ते बँकेतूनच घ्यावे आणि व्यवहार क्रमांक करारात यावा. घर सोडताना सरसकट एक महिन्याचे भाडे 'रंगाचे' म्हणून कापण्याची पद्धत मोडली पाहिजे. साध्या रंगाचे आयुष्य तीन वर्षे धरले आणि वन बीएचकेचा खर्च १८,००० असेल, तर वर्षाला ६,००० ची झीज वापराची, म्हणजे मालकाची. दोन वर्षे राहून भिंती खराब केल्या तर मागावेत फार तर उरलेले ६,०००. तीन वर्षे राहिला असेल तर काही नाही. खिळ्यांची भोके, फुटलेली काच, हरवलेली किल्ली यांचा खर्च बिलानिशी दाखवून कापावा. शेवटच्या वीज आणि गॅस बिलासाठी साधारण दीड महिन्याच्या बिलाएवढी रक्कम राखावी आणि बाकीचे त्याच दिवशी, किल्ली घेतानाच, खात्यावर पाठवावे. ताबा परत मिळाल्याची दोन ओळींची पावती दोघांच्या सह्यांनी करावी. मुदतीआधी घर सोडले असेल तर कराराची उरलेली मुदत रद्द झाल्याचेही त्यातच लिहावे, म्हणजे पुढच्या भाडेकरूचा करार नोंदवताना जुना करार आडवा येत नाही.

आपला,
भाडेकरार व नोंदणीच्या कामात असलेला एक वाचक,
सिंहगड रस्ता, पुणे